जसं काढलं, तसंच कोरा

न्यूयॉर्क
१४ ऑक्टोबर १८७२

ॲन्सेल थर्लो यास,

माझ्या धाकट्या बहिणीशी, लव्हिनाशी, तू लग्न केलंस तेव्हा मी पत्र लिहिलं नव्हतं. आजही लिहिलं नसतं. पण गेल्या आठवड्यात आमचे संपादक ऑगिल्वी माझ्या टेबलावर कोरायला एक चित्र काढलेला लाकडी ठोकळा ठेवून म्हणाले, "क्रॅनशॉ, हा 'बीकन वीकली'चा नवा चित्रकार. व्हरमॉन्टचा आहे. तुमच्याच गावचा निघाला की हो!" मी खालची सही वाचली आणि कॉफी तशीच बाजूला ठेवली. ती नंतर प्यावीशी वाटली नाही.

घोडागाड्यांच्या दारांवर गुलाब रंगवणारा माणूस साप्ताहिकाचा चित्रकार कधी झाला, हे मला कुणी कळवलं नाही. असो. तुझा तो मका सोलण्याचा जलसा मी भिंगाखाली पाहिला. लाकडावर जे काढतो ते कागदावर उलटं उमटतं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यामुळे तुझा फिडलवाला डाव्या हाताने गज ओढतोय, बायका डाव्या हाताने कणसं सोलतायत, आणि चर्चचा डीकन पीझली डावा हात वर करून आशीर्वाद देतोय. दुकानाची पाटी मी पुसून नव्याने लिहिली, कारण ती उलटी छापली असती तर ऑगिल्वींनी माझीच हजेरी घेतली असती. माणसांचे हात बदलणं माझ्याच्याने झालं नाही. अंक छापायला गेलाय. आता सगळी अमेरिका आपलं गाव डावखुरं समजणार.

एक आरसा विकत घे. ठोकळा पाठवण्याआधी त्याच्यासमोर धर. आरशात दिसेल तेच छापून येतं. ही अक्कल फुकट देतोय, पुन्हा देणार नाही.

आईला आणि लव्हिनाला माझी आठवण सांग.

गिडियन क्रॅनशॉ


ईस्ट हॅल्बर्ड, व्हरमॉन्ट
२५ नोव्हेंबर १८७२

श्री. गिडियन क्रॅनशॉ यांस,

पत्रास कारण तुम्हीच.

आरसा घेतला. अंक आल्यापासून गावात मला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही. डावा हात सैतानाचा असतो असं डीकन पीझली दर रविवारी सांगतात. त्यांनी स्वतःला डाव्या हाताने आशीर्वाद देताना पाहिलं आणि अंक चुलीत घातला. ती चूक माझी. कबूल.

पण बाकीचं काय? मी डीकनना हनुवटी काढली नव्हती, कारण देवाने त्यांना ती दिलेलीच नाही. अंकात बघतो तर त्यांना एखाद्या सिनेटरला शोभेल अशी हनुवटी! कोपऱ्यात मी तुमच्या आईंना बसवलं होतं. त्यांची एक पापणी अर्धी खाली ओघळलेली असते, तशी मी काढली. तुम्ही दोन्ही डोळे टक्क उघडलेत. लव्हिना म्हणाली, "ही कोण म्हातारी?" स्वतःच्या आईला ओळखता येऊ नये असं तिचं तोंड तुम्ही करून ठेवलंत.

तुमचं काम कोरण्याचं आहे. जे मी काढतो ते कोरा. तुम्हाला चित्र काढायची एवढी हौस असेल तर स्वतःचा ठोकळा घ्या, माझ्यावर हात साफ करू नका. मला आयुष्यात एवढंच हवंय, की माझं एक चित्र तरी जसं काढलं तसं लोकांपुढे जावं.

शिवाय कोपऱ्यात तुमचं नाव माझ्या नावापेक्षा ठळक आलंय. तेही मी पाहिलंय.

ॲन्सेल थर्लो


न्यूयॉर्क
९ जानेवारी १८७३

ॲन्सेल,

तुझ्या पत्राने आमच्या खात्यात चांगली करमणूक झाली. मोठ्याने वाचून दाखवलं.

मी काय करतो ते एकदाच सांगतो. तू ठोकळ्यावर पांढरा लेप देऊन पेन्सिलीने आणि कुंचल्याने काढतोस. ठोकळा मोठा असला तर तो लहान तुकडे मागून बोल्टने जोडून केलेला असतो. मी बोल्ट उघडतो, झाडं आणि आभाळ हाताखालच्या लोकांना देतो, चेहरे स्वतःकडे ठेवतो. मग रेघेच्या दोन्ही अंगांचं लाकूड कोरून काढतो. रेघ उंच राहते, तिला शाई लागते. ह्या सगळ्यात तुझी पेन्सिल कोरणीखाली भुसा होऊन जाते. अंक निघतो तेव्हा तुझं चित्र जगात कुठेही नसतं. असतं ते मी कोरलेलं. म्हणून तर तुला वाट्टेल ते म्हणता येतं की तुझं मूळ चित्र फार थोर होतं. तुझ्या सुदैवाने पुरावा शिल्लक नाही.

मी तो पाहिलेला आहे. मागच्या ठोकळ्यात एका मुलीला सहा बोटं होती. घोड्याचा गुडघा माणसासारखा पुढे वळलेला होता. हनुवटीचं म्हणशील तर ती मी डीकनसाठी घातली नाही. मान कुठे संपते आणि तोंड कुठे सुरू होतं हे तुझ्या चित्रावरून कळेना, म्हणून घातली.

आणि पापणीबद्दल. शाळेत पोरं आईला 'डोळा मारणारी बाई' म्हणायची. त्यावरून मी दोनदा नाक फोडून घेतलंय. तू तेव्हा आपल्या गावात नव्हतास. हजारो घरांत लोकांनी तिच्याकडे बोट दाखवून हसावं म्हणून मी तिला पाठवणार नाही. जितक्या वेळा तू ती पापणी पाडशील, तितक्या वेळा मी ती उचलीन.

गिडियन


ईस्ट हॅल्बर्ड
२ मार्च १८७५

श्री. क्रॅनशॉ,

सोबत बोस्टनच्या वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवतोय. तुमच्या खात्यात मोठ्याने वाचून दाखवा, करमणूक होईल. न वाचण्याचं ढोंग कराल म्हणून महत्त्वाचं इथेच उतरवतो: "थर्लो यांनी कुठल्याही शाळेत पाऊल ठेवलेलं नाही. त्यांना कुणी गुरू नाही. व्हरमॉन्टच्या बर्फात, गाड्या रंगवता रंगवता, ह्या माणसाने आपली कला स्वतः घडवली. त्यांच्या रेघेत जे आहे ते शिकवून येत नाही."

शिकवून येत नाही, क्रॅनशॉ. तुम्ही सात वर्षं उमेदवारी केलीत ना?

तुमचं नाव कात्रणात नाही. मी तीनदा शोधलं.

मेपलच्या पाकाच्या चित्राबद्दल शहरातून आठ-दहा लोकांची पत्रं आली. एकीला माझं लग्न झालंय का हे हवं होतं. लव्हिनाने तिला स्वतः उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते दाखवत नाही.

त्याच चित्रात तुम्ही माझ्या बैलाचं पुठ्ठं बारीक केलंत आणि म्हाताऱ्या बाईची पापणी पुन्हा उचललीत. मी ऑगिल्वींना कळवलंय. आता ते माझं ऐकतात.

ॲन्सेल थर्लो


न्यूयॉर्क
१९ मार्च १८७५

ॲन्सेल,

कात्रण मिळालं. ते कोरणीचं टोक पुसायला बरं पडलं.

कुणी गुरू नाही म्हणतोस? लव्हिनाने लग्नाआधी आपल्या पत्रात मला लिहिलं होतं, की गाड्या रंगवणारा एक मुलगा हिवाळाभर आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. तिच्याशी बोलतो कमी आणि चुलीमागच्या भिंतीला नाक लावून बसतो जास्त. कोळशाने फळीवर काहीतरी गिरवतो आणि पुसतो. तेव्हा मला वाटलं होतं की तिने एखादा अर्धवट पसंत केला.

त्या भिंतीवर काय चिकटवलेलं आहे, सांगू? मी न्यूयॉर्कला आल्यापासून जे जे पान कोरलं ते आईला पाठवत आलो. ती प्रत्येक पान कणकेच्या खळीने भिंतीला लावते. छतापर्यंत. तू ज्याच्यावर नाक घासलंस ती रेघ माझी होती. दुसऱ्या चित्रकारांची चित्रं, पण रेघ माझी. तुझा ठोकळा पहिल्यांदा हातात आला तेव्हाच मी ती ओळखली. कापडाची घडी कशी घालायची, अंधार आडव्या रेघांनी कसा भरायचा, सगळं तिथून उचललेलं. फक्त बोटं किती असतात ते भिंतीने शिकवलं नाही.

आता बोस्टनच्या त्या शहाण्याला पत्र लिही आणि सांग की तू स्वतः घडलास.

गिडियन


ईस्ट हॅल्बर्ड
३० मार्च १८७५

श्री. क्रॅनशॉ,

तुमच्या आईच्या स्वयंपाकघराला उत्तरेकडून वारा लागतो. फळ्यांना फटी आहेत. त्या बुजवायला त्यांना जाड कागद लागतो, म्हणून त्या तुमची पानं चिकटवतात. तुम्ही आयुष्यभर कोरकोर कोरून वारा अडवलात. ह्यापलीकडे त्या भिंतीचं श्रेय घेऊ नका.

मी तिथे चुलीची ऊब घ्यायला बसायचो.

ह्यापुढे कामाखेरीज पत्र लिहू नये.

ॲन्सेल थर्लो


ईस्ट हॅल्बर्ड
१० सप्टेंबर १८७७

श्री. गिडियन क्रॅनशॉ यांस,

कामाचं पत्र आहे.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या अंकाचं पहिलं पान ऑगिल्वींनी मला दिलंय. संपूर्ण पान, खाली माझं पूर्ण नाव, आणि तुमचं नाव कुठेही नाही. ही अट मी घातली. ते पान लोकांना आवडलं तर पुढचं सबंध वर्ष पहिलं पान माझं. फसलं तर मी पुन्हा गाड्या रंगवीन, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक असावं म्हणून लिहितोय.

चित्र तुमच्या आईंचं आहे. खिडकीशी बसून 'ॲपल पाय'साठी सफरचंदं सोलतायत. दुसरं कुणी नाही, फिडल नाही, डीकन नाही. उन्हाळ्यापासून त्यांची तब्येत उतरली आहे. अंगावर शाल असते. तरी चाकू अजून कुणाच्या हातात देत नाहीत. "तुम्ही गराच फेकून देता," म्हणतात.

आयुष्यात त्यांचं स्वतःचं असं एकही चित्र नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. फोटोवाल्याने मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला, तेव्हा त्या खुर्चीतून उठून घरी निघून आल्या होत्या. "जिवंत माणसाला चिमट्यात धरून ठेवतात काय रे?" माझ्यापुढे बसल्या, कारण त्यांना वाटलं मी सफरचंदांसाठी थांबलोय.

पापणी आहे तशी आहे. डावी. आरशात तपासली आहे. ऑगिल्वी तुम्हाला लेखी हुकूम देतील: जसं काढलं, तसंच कोरा. ह्या वेळी हात आवरा. हे एक चित्र माझं आहे.

ॲन्सेल थर्लो


न्यूयॉर्क
१ ऑक्टोबर १८७७

ॲन्सेल,

ठोकळा पोचला. हुकूमही पोचला, ऑगिल्वींनी खाली दोनदा रेघ मारली आहे. 'बीकन'मधल्या पंधरा वर्षांत मला असा हुकूम देणारा तू पहिला.

अजून पुरता बघितलेला नाही. बोटं मोजली, पाचच आहेत. प्रगती आहे.

आईला म्हणावं मी थँक्सगिव्हिंगला येईन. तुझ्या घरी नाही. तिच्या घरी. तू तिथे राहतोस हा तुझा प्रश्न.

गिडियन


ईस्ट हॅल्बर्ड
२० ऑक्टोबर १८७७

गिड,

तू माझा मोठा भाऊ आहेस म्हणून मी आजवर तुला उलटून बोलले नाही. आज बोलते.

बारा तारखेला आई गेली. तार तुला त्याच दिवशी केली. पंधराला दुपारच्या गाडीने तू उतरलास, हे मला स्टेशनमास्तरांच्या बायकोकडून कळलं. तू स्मशानात गेलास, उभा राहिलास, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. घर तिथून दिसतं, गिड. मी कॉफी ठेवली होती. तू येशील म्हणून मी खिडकीतून बघत होते आणि तू पाठ करून निघून गेलास. ॲन्सेलचं तोंड बघायचं नव्हतं तर डोळे मिटून यायचंस. माझं काय चुकलं होतं?

तुम्हा दोघांना मी पाच वर्षं ऐकतेय. ह्याची रेघ, त्याची रेघ. तुमची पत्रं आली की मला वाटतं स्वयंपाकघरात दोन बोके सोडलेत. आई मात्र हसायची. म्हणायची, "दोघं एकाच पानावर भांडतायत, म्हणजे अजून एका पानावर आहेत." आता हसायला ती नाही.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "गिडने माझा डोळा ह्या वेळी पण उघडला का गं?" तिला माहीत होतं. प्रत्येक अंकात ती स्वतःला शोधायची आणि म्हणायची, "बघ, माझ्या पोराने मला पुन्हा तरणी केली." तिला राग नव्हता. पण मला आहे. ती झोपाळू पापणी घेऊनच ती मला झोपवायची. मला तीच आई हवी.

आता ते चित्र सोडून आपल्याकडे तिचं काही नाही. नीट कोर. तिच्या डोळ्याला हात लावू नकोस.

लव्हिना


ईस्ट हॅल्बर्ड
२६ नोव्हेंबर १८७७

गिडियन,

तुला 'तुम्ही' म्हणणं आजपासून बंद.

थँक्सगिव्हिंगचा अंक आला. पहिल्या पानावर टर्की कोंबडा आहे. टर्की! चार वर्षांपूर्वीचा जुना ठोकळा, धूळ झटकून पुन्हा छापलेला. माझं नाव कुठेच नाही. मी ऑगिल्वींना तार केली. त्यांचं उत्तर आलं: "तुमच्या मेहुण्यांनी कोरायला नकार दिला. कारण सांगत नाहीत. ठोकळाही देत नाहीत."

सारं गाव पोस्टात जमलं होतं, गिडियन. मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. डीकन पीझलीने टर्कीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "थर्लो, ह्या वेळी मात्र हुबेहूब काढलंस." लोक पोट धरून हसले. लव्हिना हसली नाही. तिने अंक मिटला, घरी गेली, आणि आईच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिला म्हटलं की ह्यात माझा काय दोष, तर म्हणाली, "तुमचा दोघांचा."

मला बुडवायचं होतं तर कधीही बुडवायचंस. मेलेल्या आईला त्यासाठी वापरायची काय गरज होती? तिच्या प्रेताला खांदा द्यायला तू घरी आला नाहीस, आणि तिचं तोंड लोकांना दिसणार तेवढंही तू गिळून टाकलंस. एवढा हलकट माणूस मी गाड्यांच्या अड्ड्यावरसुद्धा पाहिला नाही.

ऑगिल्वींना लिहिलंय: 'बीकन'मध्ये एकतर क्रॅनशॉ राहील, नाहीतर थर्लो. वाचकांची पत्रं कुणाला येतात हे त्यांना माहीत आहे.

ॲन्सेल थर्लो


न्यूयॉर्क
१८ डिसेंबर १८७७

ॲन्सेल,

सोबतची पेटी लव्हिनाने उघडावी. तू उघडलीस तर आधी हात धू. पेन्सिल पुसली जाते.

ऑगिल्वींनी मला काढलं. तुझं पत्र त्यांनी समोर बसवून वाचून दाखवलं. शेवटच्या पगारातून ह्या लाकडाची किंमतही कापून घेतली, तेव्हा ठोकळा आता माझा आहे आणि कुणाला द्यायचा ते मी ठरवतो.

नकार दिला हे खरं आहे. तू समजतोस तसा सूड म्हणून नव्हे. सूडच घ्यायचा असता तर ह्या पाच वर्षांत एकदा, फक्त एकदा, मी तू काढलंस तसंच कोरलं असतं. तुझं दुकान त्याच आठवड्यात बंद झालं असतं. ते तुला लवकरच कळेल. माझ्या जागी बर्डेट नावाचा माणूस घेतलाय. अगदी आज्ञाधारक आहे.

तार आली तेव्हा ठोकळा माझ्यापुढे होता, मागचे बोल्ट उघडायचे होते. स्मशानातून परत आलो. घरी का आलो नाही ते लव्हिनाला सांग: दारातून आत गेल्यावर ती खुर्ची रिकामी बघणं मला झेपलं नसतं. तुझा त्यात काही संबंध नव्हता. सगळ्या गोष्टींत तुझा संबंध नसतो.

मग लव्हिनाचं पत्र आलं. मी कोरणी घेऊन बसलो. पापणीपासून सुरुवात करावी म्हटलं, म्हणजे अवघड काम आधी होऊन जाईल. कोरणी टेकवली आणि हात सवयीने पापणी उचलायला निघाला. काढून घेतला. नंतर पुन्हा बसलो, आहे तशी ठेवायची असं ठरवून. तेव्हा नीट डोक्यात शिरलं. तीस वर्षं हेच करतोय, पण तेव्हा शिरलं. मी कशीही कोरली तरी ही जाणार. तुझी पेन्सिल भुसा होणार, तिच्यासोबत आई भुसा होणार, आणि उरेल ती माझी रेघ. माझ्या रेघेची आई मी भरपूर छापली आहे. ती कुणाला ओळखू येत नाही, तूच म्हणालास.

ऑगिल्वी म्हणाले, आधी ठोकळ्याचा फोटो काढून ठेवू, मग कोरा. मी म्हटलं, जिवंतपणी ती ज्याच्यापुढून उठून गेली त्याच्यापुढे मी तिला आता नेणार नाही. ह्यावरून ते फार भडकले. माझं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुलाही सांगण्यासारखं नाही, पण लव्हिनाचं देणं लागतो.

मी ह्यात चुका शोधल्या. आठवडाभर भिंग लावून शोधल्या. चाकूवरचा अंगठा लांब आहे. बाकी काही दुरुस्त करण्यासारखं सापडलं नाही. हे वाक्य लिहायला मला किती जड गेलंय ते तुला समजायचं नाही, तू समजूही नकोस.

एक चित्र जसं काढलं तसंच राहावं एवढंच हवं होतं ना तुला? हे घे. जगात तुझ्या हातचं एवढंच शिल्लक आहे. लोकांपुढे मात्र जाणार नाही. दोन्ही मिळत नाही.

आरसा तुझ्याकडे आहेच.

गिडियन


ईस्ट हॅल्बर्ड
६ मे १८७८

श्री. गिडियन क्रॅनशॉ यांस,

तुम्ही कळवल्याप्रमाणे बर्डेट आज्ञाधारक आहे. मी काढतो तेच तो कोरतो. केसभरही इकडे तिकडे करत नाही. जानेवारीच्या अंकात बर्फ उपसणाऱ्या माणसाला दोन्ही हात उजवे आले. मार्चमध्ये घोड्याचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा आखूड निघाले, तो चढावर असल्यासारखा दिसतो, आणि चित्रात चढ नाही. डीकन पीझली अखेर हनुवटीशिवाय छापले गेले. आता ते चर्चमध्ये माझ्या बाकाकडे पाठ करून बसतात. बोस्टनच्या त्याच वर्तमानपत्राने लिहिलंय की श्री. थर्लो यांचा हात अलीकडे बिघडला आहे. हात बिघडला! मी पहिल्यापासून असाच काढत आलो, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

तुम्ही अंक बघितले असणार. बघितले नाहीत असं लिहू नका.

ऑगिल्वींना मी कळवलं की क्रॅनशॉ कोरणार असतील तरच काढीन. ते म्हणाले, क्रॅनशॉ आता लोखंडी चुली चमकवायच्या चूलपॉलिशच्या डब्यांची लेबलं कोरतात आणि परत यायला तयार नाहीत. आणि थर्लो यांनी विश्रांती घेतली तरी चालेल. तेव्हा ते संपलं. मी पुन्हा गाड्या रंगवतोय. चूलपॉलिशवाल्यांना चित्रकार लागत असेल तर कळवा. मी तुमच्याकडे काम मागत नाहीये. फक्त कळवा.

पेटी आली त्या दिवशी लव्हिनाने उघडली. मी हात धुतले होते. तिने ठोकळा फळीवर ठेवला, समोर आरसा लावला. आरशात तुमच्या आई उजव्या हाताने सफरचंद सोलतात आणि डावी पापणी खाली येते. लव्हिना आरशाकडे वाकली. मग म्हणाली, "आई, सालं जाड काढू नकोस." आणि रडली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. गरज नव्हती, ढीग पडला होता.

अंगठा लांब आहे. मीही पाहिला. तुम्ही आखूड केला असतात आणि कुणाला कळलंही नसतं. आता तो तसाच राहणार, आणि मला रोज जेवताना दिसणार. त्याबद्दल मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही.

थँक्सगिव्हिंगला खुर्ची मोकळी आहे. लव्हिना बोलावते आहे. आलात तर माझ्याशी बोलायचं कारण नाही, मीही बोलणार नाही. फिरून स्मशानातून परत मात्र जाऊ नका, ती खिडकीत असेल.

तिने यंदा स्वयंपाकघराला नवा फुलाफुलांचा कागद लावला. तीन भिंती झाल्या. चुलीमागच्या भिंतीवरची जुनी पानं मी झाकू दिली नाहीत. त्या बाजूने वारा फार येतो, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

ॲन्सेल थर्लो